दहापैकी किती? सांधेरोपणानंतरची वेदना आणि तिची भाषा

वैद्यकाच्या इतिहासात १६ ऑक्टोबर १८४६ या दिवसाला मोठे स्थान आहे. बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्या दिवशी विल्यम मॉर्टन यांनी एका रुग्णाला ईथरची भूल दिली आणि त्या गुंगीत त्याच्या मानेवरील गाठीची शस्त्रक्रिया झाली. त्यापूर्वी शस्त्रक्रिया म्हणजे काय असे, हे समजून घेण्यासाठी साहित्याच्या अभ्यासकाला फार दूर जावे लागत नाही. इंग्रजी कादंबरीकार फॅनी बर्नी यांच्या स्तनावर ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये शस्त्रक्रिया झाली, तीही भुलीवाचून. ही हकिगत त्यांनी आपल्या बहिणीला पत्राने कळवली. ते पत्र पुरे व्हायला कित्येक महिने लागले आणि लिहिलेले पुन्हा वाचून पाहण्याचे धैर्य त्यांना झाले नाही.

मॉर्टन यांच्या प्रयोगानंतर अशी पत्रे लिहिण्याची वेळ फारशी कोणावर आली नाही. पण भूल उतरते. भूल उतरल्यानंतरची पहिली रात्र, दुसरा दिवस आणि पुढचे सहा आठवडे यांचाही एक इतिहास आहे. शस्त्रक्रियेच्या इतिहासाइतका तो लिहिला गेलेला नाही. शस्त्रक्रियेला कर्ता असतो, तारीख असते, उपकरण असते. नंतरच्या वेदनेला एकच साक्षीदार असतो, आणि तो खाटेवर पडलेला असतो. त्याची साक्ष कोणत्या रूपात घ्यायची, हा प्रश्न या इतिहासाच्या मध्यभागी आहे. तो जितका वैद्यकाचा आहे तितकाच भाषेचाही आहे.

या प्रश्नाचा विचार येथे सांधेरोपणाच्या, म्हणजे खुब्याचा किंवा गुडघ्याचा झिजलेला सांधा काढून कृत्रिम सांधा बसवण्याच्या शस्त्रक्रियेच्या आधारे करायचा आहे. या निवडीला कारण आहे. बहुतेक शस्त्रक्रियांनंतर रुग्णाने निवांत पडून राहिले तरी चालते. सांधेरोपणात तसे चालत नाही. हाड कापलेले असते, स्नायू बाजूला सारलेले असतात, आणि तोच पाय दुसऱ्या दिवशी, हल्ली तर त्याच दिवशी, जमिनीवर टेकवायचा असतो. गुडघा वाकवला नाही तर तो आखडतो आणि सगळा खटाटोप वाया जातो. येथे रुग्णाला स्वतःची वेदना स्वतः उठवावी लागते. शिवाय ही वेदना मागून घेतलेली असते. वर्षानुवर्षांचा जुना ठणका देऊन तिच्या बदल्यात काही आठवड्यांची नवी, तीव्र वेदना रुग्ण पत्करतो. हा सौदा फायद्याचा ठरावा एवढीच त्याची अपेक्षा असते.

लोखंड, हस्तिदंत आणि स्वतःची मांडी

सांधा बदलण्याची कल्पना आपल्याला वाटते त्याहून जुनी आहे. बर्लिनचे शल्यविशारद थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी १८९० साली क्षयाने खराब झालेल्या गुडघ्यात हस्तिदंताचा सांधा बसवला होता. जंतुसंसर्गापुढे ते प्रयोग टिकले नाहीत. आजच्या खुबेरोपणाचा पाया इंग्लंडमध्ये विगनजवळच्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी घातला. त्यांनी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. ती दोन-तीन वर्षांत झिजली, तिच्या कणांनी आसपासच्या ऊती सुजल्या आणि शेकडो रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली. नोव्हेंबर १९६२ पासून चार्नली उच्च घनतेचे पॉलिएथिलीन वापरू लागले. टेफ्लॉन आणि हे नवे द्रव्य यांचे कण शरीरात काय करतात हे पाहण्यासाठी त्यांनी ते स्वतःच्या मांडीत घालून घेतले होते.

चार्नली यांच्या आधीही एका शल्यविशारदाने असेच केले होते. १८९८ साली जर्मनीतील कील येथे आउगुस्ट बीअर यांनी कण्यातून भूल देण्याची पद्धत स्वतःवर आणि आपल्या सहायकावर करून पाहिली. सहायकाच्या नडगीवर हातोडीचे घाव घातले तरी त्याला वेदना कळल्या नाहीत, अशी नोंद आहे. दुसऱ्या दिवशी मात्र दोघेही आजारी पडले आणि बीअर यांचे डोके कित्येक दिवस दुखत राहिले. आज गुडघा बदलताना बहुधा जी भूल देतात ती याच पद्धतीची सुधारलेली आवृत्ती आहे.

या दोन्ही कथा आपण शौर्यकथा म्हणून वाचतो. त्यांतला दुसरा अर्थ असा की, शरीराच्या आत काय होते याची खात्रीची साक्ष हवी तेव्हा डॉक्टरांनी स्वतःचे शरीर पुढे केले. रुग्णाच्या साक्षीवर तितका विश्वास ठेवायला अजून बराच अवकाश होता.

‘गरज पडल्यास’ म्हणजे कोणाला वाटल्यास?

अफूतून मॉर्फिन वेगळे काढण्याचे श्रेय फ्रीडरिश सेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्रेत्याकडे जाते. काळ १८०४-०५ चा. ग्रीक पुराणातील स्वप्नांचा देव मॉर्फियस याच्या नावावरून त्यांनी त्याचे बारसे केले. १८५३ च्या सुमारास पोकळ सुई आणि पिचकारी यांची जोड मिळाली आणि पुढची शंभर वर्षे शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर मॉर्फिनचे इंजेक्शन हाच मुख्य उपाय राहिला. विसाव्या शतकाच्या मध्यात त्याची पद्धत ठरून गेली होती. डॉक्टर कागदावर औषध लिहीत आणि पुढे लॅटिनमधील लघुरूपाने ‘गरज पडल्यास, दर चार तासांनी’ असा शेरा मारीत. आपल्याकडील चिठ्ठ्यांवर आजही ‘एस.ओ.एस.’ असे असते. बुडत्या जहाजाच्या हाकेशी त्याचा संबंध नाही. ‘गरज भासल्यास’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत.

प्रश्न असा की, गरज कोणाला भासल्यास? रुग्णाला वेदना होई. तो परिचारिकेला हाक मारी. ती दुसऱ्या खाटेपाशी असे. ती येई, चार तास झाले का ते पाही, कपाटाची किल्ली आणी, नोंदवहीत सही करी आणि इंजेक्शन भरी. औषध रक्तात उतरून परिणाम दिसेपर्यंत आणखी अर्धा तास जाई. मग रुग्ण गुंगीत जाई, आणि जाग येई ती वेदनेनेच. रुग्णाला व्यसन लागेल ही भीती या साऱ्याच्या मुळाशी होती. १९७३ साली मार्क्स आणि साखर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी दाखवून दिले की, डॉक्टर मुळातच कमी मात्रा लिहितात आणि परिचारिका लिहिलेल्याहूनही कमी देतात. रुग्ण वारंवार औषध मागू लागला की त्याच्या वेदनेपेक्षा त्याच्या स्वभावाची चर्चा होई.

या रचनेला पहिला मोठा छेद एका यंत्राने दिला. फिलिप सेखझर या अमेरिकी भूलतज्ज्ञांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस अशी व्यवस्था उभी केली की, रुग्णाने हातातील कळ दाबली की ठरावीक अल्प मात्रा शिरेतून आपोआप मिळावी. त्यांचा मूळ हेतू लक्षात घेण्यासारखा आहे. त्यांना वेदना मोजायची होती. रुग्ण किती वेळा औषध मागतो, यावरून वेदनेचे वस्तुनिष्ठ माप मिळेल अशी त्यांची कल्पना होती. १९७६ साली वेल्समध्ये ‘कार्डिफ पॅलिएटर’ या नावाने असे यंत्र विक्रीस आले आणि पुढील दोन दशकांत मोठ्या सांधेरोपणांनंतर ते सर्रास वापरात आले.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. चार तासांच्या चक्रात अडकलेला रुग्ण घाबरलेला असे आणि भीतीने वेदना वाढे. कळ स्वतःच्या हाती आली की उपाय जवळ असल्याच्या नुसत्या जाणिवेने पुष्कळांना धीर येई. यंत्रात सुरक्षेची सोयही होती. ठरलेल्या मिनिटांच्या आत कितीही वेळा दाबले तरी दुसरी मात्रा मिळत नसे, आणि गुंगी चढली की दाबणारा हातच थांबे.

मराठीत येथे एक चमत्कारिक योग जुळून येतो. शरीरात उठते ती कळ, यंत्राची दाबतात तीही कळ, आणि समजणे म्हणजे कळणे. या तिन्ही शब्दांची व्युत्पत्ती एकच आहे असा दावा मी करत नाही. पण कळ आली की कळ दाबायची आणि त्यावरून दुसऱ्याला कळायचे, हे वाक्य इतर भाषांत इतक्या सहजपणे बनत नाही. ‘वेदना’ या शब्दाबाबत मात्र व्युत्पत्ती निःसंदिग्ध आहे. ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून तो आला. बौद्ध विचारात वेदना सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशी तीन प्रकारची मानली आहे. वेदना म्हणजे मुळात जाणीव. ती दुसऱ्याला कशी जाणवून द्यायची, ही अडचण शब्दातच दडलेली आहे.

शब्दांची मोजदाद

व्हर्जिनिया वुल्फ यांनी आजारपणावरील आपल्या निबंधात १९२६ साली एक तक्रार केली होती. प्रेमात पडलेल्या शाळकरी मुलीला आपले मन सांगण्यासाठी थोर कवींचे शब्द तयार असतात. डोके दुखणाऱ्या माणसाने डॉक्टरांना काही सांगू पाहिले की भाषा आटते. पुढे १९८५ साली इलेन स्कॅरी यांनी ‘द बॉडी इन पेन’ या ग्रंथात हा विचार टोकाला नेला. तीव्र वेदना भाषेला केवळ हुलकावणी देत नाही, ती भाषा मोडून टाकते आणि माणसाला शब्दपूर्व हुंकारापर्यंत मागे नेते, असे त्यांचे प्रतिपादन होते. साहित्याच्या वर्गांत हा ग्रंथ पुष्कळ शिकवला जातो.

त्याच काळातला एक उलट पुरावा मात्र आपल्या वर्गांत फारसा पोहोचत नाही. रोनाल्ड मेलझॅक हे कॅनडातील मानसशास्त्रज्ञ. पॅट्रिक वॉल यांच्याबरोबर १९६५ साली त्यांनी मांडलेला ‘द्वार-नियंत्रणा’चा सिद्धान्त प्रसिद्ध आहे. जखमेकडून येणारा संदेश मज्जारज्जूत जसाच्या तसा पुढे जात नाही, तेथे तो अडवला किंवा मोठा केला जातो, आणि मेंदूकडून उतरणारे भय, लक्ष, अपेक्षा यांचे संदेशही त्यात हस्तक्षेप करतात, असा त्याचा गाभा. तरुणपणी मेलझॅक यांनी पाय कापावे लागलेल्या एका वृद्ध स्त्रीशी दीर्घकाळ संवाद साधला होता. नसलेल्या पायातील वेदनेचे वर्णन ती इतक्या नेमक्या शब्दांत करी की त्यांनी ते शब्द टिपून ठेवायला सुरुवात केली. त्या टिपणांतून वाढत गेलेला संग्रह १९७१ साली शंभराहून अधिक शब्दांच्या वर्गीकरणाच्या रूपाने प्रसिद्ध झाला आणि १९७५ साली त्यातून ‘मॅकगिल वेदना प्रश्नावली’ तयार झाली.

या प्रश्नावलीत ७८ शब्द २० गटांत मांडलेले आहेत. काही गट संवेदनेचे आहेत: ठोके पडणारी, टोचणारी, चिरणारी, जाळणारी. काही भावनेचे आहेत: थकवणारी, भेदरवणारी. एक गट मूल्यमापनाचा आहे: त्रासदायक, असह्य. रुग्णाने आपल्याला लागू पडणारे शब्द निवडायचे. एका शास्त्रज्ञाने शब्दकोशकाराचे काम केले होते, आणि त्याच्या रुग्णांपाशी शब्दांचा तुटवडा आढळला नव्हता. जोआना बर्क यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या वेदनेच्या इतिहासातही हाच मुद्दा आहे. वेदनेत माणसे गप्प होत नाहीत, उपमा शोधतात. त्या उपमा ऐकल्या जातात की नाही, हे ऐकणाऱ्यावर अवलंबून असते.

फिनिश आणि इटालियन अभ्यासकांनी ही प्रश्नावली आपल्या भाषेत आणताना शब्दाला शब्द ठेवणे टाळले आणि आपापल्या भाषेतील वेदनावाचक शब्द नव्याने गोळा केले. हे योग्यच झाले. मराठीच्या बाबतीत तर ते अपरिहार्य ठरेल.

आपल्याकडे दाताचा ठणका असतो, गळवाची ठसठस असते, खरचटल्याची चुरचुर असते. बरगडीत चमक भरते, कमरेत उसण भरते, दंडाला रग लागते, पोटरीत गोळा येतो, डोक्यात तिडीक उठते, पायाला मुंग्या येतात, काट्याचा सल राहतो, आणि प्रसूतीच्या वेदनांना तर ‘वेणा’ हा स्वतंत्र शब्दच आहे. या यादीतील नामांइतकीच त्यांना जोडलेली क्रियापदे महत्त्वाची. भरणे, लागणे, उठणे, येणे, राहणे यांत प्रत्येक वेदनेची चाल आणि तिचा काळ सांगितलेला आहे. चमक क्षणात भरते, रग हळूहळू लागते, सल मागे राहतो. मराठी वाक्यरचनाही बोलकी आहे. इंग्रजीत वेदना जवळ बाळगण्याची वस्तू असते. मराठीत एकतर गुडघा दुखतो, म्हणजे तोच कर्ता असतो, किंवा ‘मला दुखते’, म्हणजे अनुभव चतुर्थीने माझ्यापर्यंत येतो. ‘दुखणे’ हे क्रियापद आहे आणि आजार या अर्थाचे नामही आहे.

ही केवळ भाषेची हौस नव्हे. गुडघा बदलल्यानंतरच्या रुग्णाने पोटरीत गोळा धरल्यासारखे होते म्हटले, तर डॉक्टरांना शिरेत रक्त गोठल्याची शंका घ्यावी लागते. जखम ठसठसते आणि अंग तापले आहे म्हटले, तर जंतुसंसर्गाची. वरून हात फिरवला तरी आग होते, मुंग्या येतात म्हटले, तर मज्जातंतूच्या दुखापतीची. पाऊल टेकताच कळ मारते म्हटले, तर सांध्याच्या बैठकीची. रोगनिदान क्ष-किरणाच्या आधी शब्दात सुरू होते.

शब्दांची जागा आकड्याने घेतली

तरीही रुग्णालयांनी शब्द निवडले नाहीत. ७८ शब्दांची यादी वाचून दाखवायला वेळ कोणाला होता? शून्य ते दहा अशी पट्टी सोपी. शून्य म्हणजे वेदना नाही, दहा म्हणजे कल्पनेतील सर्वाधिक. आकडा तक्त्यावर लिहिता येतो, त्याची सरासरी निघते, दोन औषधांची तुलना होते. सांधेरोपणानंतरच्या वेदनेविषयी आज जे ज्ञान आहे त्यातला बराच भाग या पट्टीनेच मिळवून दिला आहे, हे मान्य करायला हवे.

पण आकडा लक्ष्य झाला की काय होते, याचा धडा अमेरिकेने दिला. १९९५ साली अमेरिकन पेन सोसायटीचे तत्कालीन अध्यक्ष जेम्स कॅम्पबेल यांनी नाडी, श्वास, रक्तदाब, तापमान यांच्या जोडीने वेदनेची नोंद ‘पाचवी खूण’ म्हणून व्हावी, असा आग्रह धरला. हेतू निखालस चांगला होता, वर्षानुवर्षांच्या अविश्वासावर तो उतारा होता. १९९६ साली पर्ड्यू कंपनीने ऑक्सिकोंटिन हे अफूवर्गीय औषध बाजारात आणले आणि त्याने व्यसन क्वचितच लागते असा प्रचार केला. २००१ पासून रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या निकषांत वेदनेच्या मूल्यमापनाला स्थान मिळाले. वेदनेचा आकडा खाली आणणे ही रुग्णालयाची कामगिरी ठरू लागली, आणि आकडा खाली आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग गोळीचा होता. पुढील दोन दशकांत तेथे अफूवर्गीय औषधांनी लाखो बळी घेतले. सगळा दोष शस्त्रक्रियांनंतरच्या चिठ्ठ्यांचा नव्हता, पण पुष्कळांच्या घरात ती बाटली प्रथम आली ती अशाच एखाद्या शस्त्रक्रियेनंतर. २०१६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ‘पाचवी खूण’ ही कल्पना सोडून दिली.

आकड्यांच्या राज्यातील दुसरी घटना अधिक विलक्षण आहे. अफूवर्गीय औषधे कमी करण्यासाठी वेगवेगळ्या प्रकारे काम करणारी अनेक सौम्य औषधे एकत्र वापरावीत, हा विचार १९९० च्या दशकात रुजत होता. अस्थिशस्त्रक्रियांपुरता या विचाराचा एक आघाडीचा अभ्यासक म्हणजे मॅसॅच्युसेट्समधील भूलतज्ज्ञ स्कॉट रूबेन. २००९ साली उघड झाले की, त्यांच्या किमान २१ शोधनिबंधांतील माहिती बनावट होती. काही अभ्यासांत तर रुग्णच नव्हते. २०१० साली त्यांना तुरुंगवास झाला. तोवर जगभरच्या डॉक्टरांनी त्या निबंधांच्या आधारे औषधे लिहिली होती. कोणीही न सोसलेल्या वेदनांचे आकडे तक्त्यांत बसले होते आणि ते खऱ्या आकड्यांसारखेच दिसत होते. एखादे खोटे आत्मकथन जाणकार वाचकाला शैलीवरून संशयास्पद वाटू शकते. खोट्या आकड्याला शैली नसते.

‘किती?’ ऐवजी ‘काय करताना?’

सुदैवाने तो विचार रूबेन यांच्या निबंधांवरच उभा नव्हता. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात एक साधा प्रश्न विचारला होता: शस्त्रक्रियेनंतर रुग्ण आज रुग्णालयात का आहे? उत्तर बहुधा वेदना, मळमळ, गुंगी आणि अंथरुणाला खिळून राहणे यांत सापडे. यांतल्या काही गोष्टी तर वेदनेवरील उपचारामुळेच उद्भवत. मॉर्फिनने वेदना शमते, पण रुग्ण झोपाळतो, ओकाऱ्या होतात, चालवत नाही. पाठीतून नळी घालून औषध देण्याची पद्धत प्रभावी होती. पण सांधेरोपणानंतर गुठळ्या होऊ नयेत म्हणून रक्त पातळ करणारी औषधे द्यावी लागतात, आणि त्यामुळे कण्यात रक्तस्राव होण्याचा धोका असतो; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ साली तसा इशारा दिला. मांडीचा मज्जातंतू बधिर केला तर गुडघा दुखत नसे, पण मांडीतील बळही जाई आणि उभा राहिलेला रुग्ण कोसळण्याची भीती असे.

२००८ साली सिडनीतील डेनिस केर आणि लॉरेन्स कोहान यांनी ३२५ रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया चालू असतानाच सांध्याभोवतीच्या ऊतींत स्थानिक बधिरता आणणारे औषध, दाह कमी करणारे औषध आणि अॅड्रेनॅलिन यांचे मिश्रण थरांथरांत टोचायचे. वेदना जेथे उगम पावते तेथेच तिला गाठायचे, पायातील बळ शाबूत ठेवायचे आणि काही तासांत रुग्णाला चालवायचे. यातील बारकाव्यांबद्दल पुढे वाद झाले, सुधारणा झाल्या. मांडीत अधिक खाली, जेथे स्नायूंचे बळ फारसे जात नाही अशा जागी मज्जातंतू बधिर करण्याची पद्धतही आली. पण दिशा बदलली ती बदललीच. चार्नली यांच्या पिढीतील रुग्ण आठवडेच्या आठवडे खाटेवर असत. आज अनेक ठिकाणी रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो.

या बदलाचे मर्म प्रश्न बदलण्यात आहे. पडल्या पडल्या वेदना शून्य करणे हे उद्दिष्ट मागे पडले. उठून बसता येते का, न्हाणीघरापर्यंत जाता येते का, रात्री झोप लागते का, गुडघा किती वाकतो, हे प्रश्न पुढे आले. एखादी सिस्टर विचारते, “आजी, दहापैकी किती दुखतंय?” आजी गोंधळतात. मग म्हणतात, “अगं, बसल्या जागी काही नाही बघ, पण पाय खाली सोडला की कळ मस्तकात जाते.” आकडा मिळालेला नसतो, पण कळायला हवे ते सगळे त्या वाक्यात आलेले असते: केव्हा, कशाने, कशी, कुठवर.

आपल्याकडची दोन मौने

ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलण्यात आला आणि जून २००१ मध्ये उजवा. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन राणावत हे न्यूयॉर्कला स्थायिक झालेले भारतीय शल्यविशारद. १९७० च्या दशकात आधुनिक गुडघ्याचा आराखडा घडवणाऱ्यांपैकी ते एक. ‘गुडघे बदलणे’ हा शब्दप्रयोग त्या सुमारास घराघरांत पोहोचला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली आणि ही शस्त्रक्रिया मध्यमवर्गाच्या आणखी आवाक्यात आली.

वेदनेच्या बाबतीत मात्र आपला इतिहास अमेरिकेच्या उलट दिशेने गेला. ज्या थोड्या देशांत अफूची कायदेशीर शेती होते त्यांत भारत आहे. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील परवान्यांच्या जाचामुळे देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर पुढील बारा वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. त्याचा सर्वाधिक फटका कर्करोगाच्या रुग्णांना बसला. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या अनेकांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. पण वैद्यकांच्या एका सबंध पिढीचे शिक्षण मॉर्फिनपासून दूर राहून झाले होते. एकीकडे प्रत्येक आकड्याला गोळी मिळाली, दुसरीकडे रुग्णाच्या हाकेला कायद्याने कुलूप लावले. दोन्हीकडे रुग्णाचे म्हणणे सावकाश ऐकून घेणारे कोणी नव्हते.

हे झाले कायद्याने लादलेले मौन. दुसरे मौन आपण संस्कार म्हणून जपलेले आहे. ‘सोसणे’ हा आपल्याकडे गुण आहे, विशेषतः बाईचा. गुडघेरोपण करून घेणाऱ्यांत वृद्ध स्त्रियांचे प्रमाण मोठे असते. आयुष्यभर कोणी न विचारलेल्या बाईला अचानक दहापैकी आकडा विचारला तर ती तीन म्हणते आणि भिंतीकडे तोंड करते. तक्त्यावर तीन लिहिले जाते. व्यायामाला नेले की ती पाय वाकवत नाही, आणि ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा पडतो. तिच्या तीनचा अर्थ लावायचा तर संख्याशास्त्राइतकाच तिच्या बोलीचा परिचय हवा.

याचे महत्त्व पहिल्या आठवड्यांपुरते नाही. गुडघा बदललेल्या साधारण पाच जणांपैकी एकाला कित्येक महिन्यांनंतरही त्रासदायक वेदना राहते. अशा वेळी सांधा क्ष-किरणात बहुधा उत्तम दिसतो आणि ‘सगळे व्यवस्थित आहे’ असे ऐकून रुग्ण घरी येतो. यांपैकी काहींत दोष सांध्याचा नसतो, मज्जातंतूंचा असतो, आणि त्याचे औषध वेगळे असते. तो ओळखण्यासाठी २००५ साली फ्रान्समध्ये ‘डीएन-४’ ही छोटी प्रश्नावली तयार झाली. ती बरेचसे शब्दच विचारते: जळजळते का, विजेचा झटका बसल्यासारखे होते का, मुंग्या येतात का, बधिर वाटते का. आकड्यांच्या वाटेने बरीच मजल मारून वैद्यक शब्दांपाशी परतले आहे. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने १९७९ ची आपली वेदनेची व्याख्या २०२० साली सुधारली, तेव्हा माणसाने आपली वेदना वेदना म्हणून सांगितली तर त्या सांगण्याचा आदर व्हावा, असे तिच्या टिपांत स्पष्टपणे नोंदवले.

तो आदर प्रत्यक्षात येण्यासाठी सांगणाऱ्याची भाषा ऐकणाऱ्याला यायला हवी. कोकणातली, वऱ्हाडातली, खानदेशातली, मराठवाड्यातली वृद्ध माणसे वेदनेचे कोणते शब्द कोणत्या क्रियापदांनी वापरतात, याचा बोलीनिहाय संग्रह हे भाषेच्या विद्यार्थ्याने करावे असे काम आहे. त्यासाठी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. घरात, शेजारी, दवाखान्याच्या बाकावर ते शब्द ऐकू येतात. ही पिढी आज गुडघे बदलून घेते आहे. तिच्याबरोबर हे शब्दही जातील, आणि पुढच्या रुग्णांपाशी सांगायला फक्त आकडा उरेल.